चांगदेवाच्या वाटेने

ज्या मनुष्याने आयुष्याची चौतीस वर्षे महसूल खात्याच्या दप्तरात सातबारा, आठ-अ आणि फेरफार यांच्या सहवासात घालविली, कोणाच्या बांधाखाली कोणाची किती जमीन सरकली याचाच ज्याने अहोरात्र हिशेब केला, त्यास सेवानिवृत्तीनंतर एकाएकी आकाशाची ओढ लागावी, ही गोष्ट आमच्या सोनाळ्यात अनेकांस संशयास्पद वाटली. परंतु मला विचाराल तर तिच्याइतकी स्वाभाविक गोष्ट दुसरी नव्हती, कारण उभ्या संग्रामपूर तालुक्यात सातबाऱ्यावर न चढलेली, पोटहिश्शाचा वाद नसलेली आणि भाऊबंदकीस सर्वथा अगम्य अशी एकच जागा मला ठाऊक होती, आणि ती वर होती.

आमच्या गावाच्या उत्तरेस सातपुडा एखाद्या भिंतीसारखा उभा आहे. चैत्र-वैशाखात खालची काळी जमीन तापून वाफाळू लागली, म्हणजे त्या भिंतीच्या कडेने घारी वर्तुळे घेत वर चढू लागतात, आणि पंखाची एकही फडफड न करता, कोणत्याही प्रकारचा प्रवासभत्ता न घेता, अर्ध्या तासात पार अंबाबरव्याच्या जंगलावर जाऊन पोहोचतात. सोनाजी महाराजांच्या मंदिराजवळ लिंबाच्या सावलीत बसून हा प्रकार मी निवृत्तीनंतरचे दोन उन्हाळे पाहिला. शेतातून धुळीचा खांब फिरत जातो, त्यास आपण वावटळ म्हणतो व लहानपणी तीत भूत असते म्हणून तिच्यावर थुंकतो. परंतु तीच तापलेली हवा धूळ न घेता निमूटपणे वर जाऊ लागली म्हणजे तिला थर्मल असे सुसंस्कृत नाव प्राप्त होते व घारी तिच्यावर आरूढ होतात, हे ज्ञान मला पुढे पुस्तकांतून झाले. ज्या भुताला आपण साठ वर्षे घाबरलो ते वस्तुतः मोफत वाहन होते, या जाणिवेने मी अस्वस्थ झालो आणि उडण्याच्या शास्त्राचा रीतसर अभ्यास आरंभिला.

अभ्यासात प्रथम भेटले ते जर्मनीचे ऑटो लिलिएंथाल. या गृहस्थांनी बर्लिनजवळ केवळ उडी मारण्याच्या उद्देशाने सुमारे पंधरा मीटर उंचीची टेकडी स्वतः रचवून घेतली, विलोच्या कामट्या व कापड यांचे पंख बांधून सुमारे दोन हजार वेळा तरंगत उतरले, आणि १८९६ च्या ऑगस्ट महिन्यात वाऱ्याच्या एका झोतापायी कोसळून दुसऱ्या दिवशी मरण पावले. हा शेवटचा भाग मी घरी वाचून दाखविला नाही. त्याऐवजी १९४८ सालची कथा मोठ्याने वाचली. अमेरिकेतील फ्रान्सिस रोगॅलो व त्यांच्या पत्नी गरट्रूड यांनी राहत्या घरात मोठा पंखा लावून वाऱ्याचा बोगदा तयार केला, आणि स्वयंपाकघरातील पडद्याच्या छापील कापडातून हँगग्लायडरचा मूळ पंख निर्माण केला, ज्याचा पुढे नासानेही अंतराळयान उतरविण्यासाठी काही काळ विचार केला व अखेरीस जुन्या छत्रीवरच भरवसा ठेवला. ही कथा ऐकून आमच्या मंडळींनी मागच्या दाराचा पडदा काढून ट्रंकेत ठेवला व ट्रंकेस कुलूप लावले.

मला मात्र मनापासून हळहळ वाटली ती ऑस्ट्रेलियाच्या जॉन डिकन्सन यांचे चरित्र वाचून. ग्राफ्टन नावाच्या गावी १९६३ साली या गृहस्थांनी रोगॅलोंच्या पंखाखाली त्रिकोणी दांडा बसविला, ज्यास धरून मनुष्य आपल्या शरीराचा भार डावी-उजवीकडे सरकवून वळू शकतो. आणि त्या पहिल्या पंखाचे शीड त्यांनी केळीच्या घडांवर घालावयाच्या प्लॅस्टिकचे केले होते. आता केळी म्हटली म्हणजे आमच्या शेजारी रावेर-यावलचा पट्टा आहे. तिथे घड आहेत, प्लॅस्टिक आहे, त्रिकोणास लागणारा बांबू सातपुड्यात हवा तितका आहे, आणि रिकामा वेळ तर विपुल आहे. असे असूनही हा शोध ग्राफ्टनला लागावा व रावेरला लागू नये, याचा खुलासा मला अद्याप कोणी दिलेला नाही. त्या त्रिकोणी दांड्याचा नियम मात्र वाचताक्षणीच कळला. दांडा छातीकडे ओढला की वेग वाढतो आणि पुढे ढकलला की मंदावतो. पुढे ढकलण्याने गोष्टी मंदावतात, हे तत्त्व मी डिकन्सन यांचे नाव ऐकण्यापूर्वी तीस वर्षे दररोज दहा ते साडेपाच या वेळेत सिद्ध करीत आलो होतो. याच दांड्याच्या आधाराने डस्टिन मार्टिन नावाच्या अमेरिकनाने २०१२ साली टेक्सासमध्ये एका दिवसात ७६४ किलोमीटर अंतर काटले, म्हणजे सोनाळ्याहून मुंबई गाठून वर बरेचसे शिल्लक राहावे.

कारकुनाचा पिंड असल्याने उडण्यापूर्वी कायदा पाहणे क्रमप्राप्त होते, आणि तेथे मला अपूर्व आनंद झाला. १९३४ च्या विमान अधिनियमाने विमानाची जी व्याख्या केली, तीत फुगे, हवाई जहाजे, ग्लायडर यांच्याच पंक्तीस पतंगही बसविला आहे. याचा अर्थ असा की, संक्रांतीस आमच्या आळीतील जी पोट्टी गच्चीवरून मांजा घसटत ओरडत असतात, ती सर्व विनापरवाना विमानचालक होत, आणि एकमेकांची विमाने कापतात हा त्याहून गंभीर गुन्हा. पुढे या कायद्याची जागा २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. तथापि नव्वद वर्षे ज्या देशात कागदी पतंग विमान होते, त्या देशात एका अव्वल कारकुनाने वैमानिक होण्यास हरकत ती काय असणार, असा माझा युक्तिवाद होता.

सातपुड्यावरूनच उडी घेण्याचा माझा मूळ मनसुबा होता. परंतु डोंगर अंबाबरवा अभयारण्याच्या हद्दीत. त्यावर चढावयास वन खात्याची परवानगी हवी, आणि परवानगी मिळून उतरताना अंदाज चुकल्यास खाली अस्वल असण्याचा संभव. अंदाज बरोबर आल्यास एखाद्याचा संत्र्याचा बगीचा, ज्याच्या मालकापेक्षा अस्वल बरे. शिवाय शिकविणार कोण? चौकशीअंती असे कळले की महाराष्ट्रात ही विद्या शिकण्याचे ठिकाण म्हणजे पुणे जिल्ह्यातील, मावळातले कामशेत.

कामशेत इंद्रायणीकाठी आहे हे नकाशावर पाहिले मात्र, माझ्या मनात एक विलक्षण संगती जुळून आली. या नदीचा उड्डाणाशी संबंध आजचा नव्हे. तिच्याच काठी देहूस तुकोबांना न्यावयास वैकुंठीचे विमान आले असे वारकरी परंपरा मानते, आणि तिच्याच काठी आळंदीस ज्ञानदेवांनी भिंत चालविली. ती कोणासाठी चालविली? तर चौदाशे वर्षे तप केलेल्या, वाघावर बसून सापाचा चाबूक उगारीत आलेल्या चांगदेवांसाठी, ज्यांचे मंदिर तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर आहे. आणि पूर्णा म्हणजे आमच्या वाण नदीचे पाणी जिला मिळते ती आमचीच नदी. म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातून निघून, आपल्यास सर्व काही येते अशा समजुतीने इंद्रायणीकाठी जाणारा मी पहिला नव्हतो. त्या पहिल्याचे तिथे काय झाले हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरासही ठाऊक आहे, परंतु नेमका तेवढा भाग मी त्या वेळी ध्यानात घेतला नाही.

मंडळींचे म्हणणे थोडक्यात होते. “कवेलू फेरायले शिडीवर चढा म्हनलं तं तुमाले चक्कर येते, अन् आता डोंगरावरून उडी मारता?” मी शीतल महाजन यांचा दाखला दिला, त्यांनी २०१८ साली थायलंडमधील पटाया येथे चक्क नऊवारी नेसून विमानातून उडी घेतली होती. त्यावर, “मंग तुमी बी नेसून जा,” एवढा अभिप्राय मिळाला आणि चर्चा बरखास्त झाली. शेगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसने पुणे, आणि पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने कामशेत, असा माझा वाघ ठरला.

कामशेतला उतरल्यावर पहिली निराशा पदरी पडली ती अशी की, ज्या त्रिकोणी दांड्याच्या हँगग्लायडरचा मी दोन वर्षे ध्यास घेतला होता, तो तेथून बहुतांशी लुप्त झाला होता. पूर्वी या टेकड्यांवरून तो उडत असे. परंतु तीसेक किलो वजनाचे आणि पाच-सहा मीटर लांबीचे ते गाठोडे डोंगरावर चढवावयाचे कोणी, या प्रश्नावर जगभर जी मंडळी थकली, त्यांनी पॅराग्लायडरचा आश्रय केला. फ्रान्समधील मियूसी गावच्या तिघा छत्रीबाजांनी १९७८ साली विमानाचे भाडे वाचविण्यासाठी डोंगरावरूनच धावत सुटून हा प्रकार सुरू केला असे सांगतात. यात दांडा नाही, सांगाडा नाही. नुसते कापड, दोऱ्या आणि बसावयाची झोळी, आणि सगळे पाठीवरच्या पिशवीत मावते. काटकसर हा ज्याचा पाया आहे त्या विद्येविषयी माझ्या मनात आपोआपच आदर उत्पन्न झाला, व मी नाव नोंदविले.

नाव नोंदविताना जो कागद पुढे आला, तसा मसुदा मी सबंध नोकरीत पाहिला नव्हता. मी स्वेच्छेने, शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणावाचून उडत असून माझ्या हातापायांस, जिवास अथवा मालमत्तेस काही अपाय झाल्यास मी अथवा माझे वारस कोणासही जबाबदार धरणार नाही, अशा आशयाचा तो मजकूर इतका निश्छिद्र होता की, त्यात आपल्याच मृत्यूची तजवीज आहे याचे भान न राहता मी त्यातील स्वल्पविरामांचे कौतुक करीत राहिलो. एका ठिकाणी ‘सबब’ हा शब्द हवा होता, तो मी सुचविला. समोरचा तरुण म्हणाला, “काका, फक्त सही करा.”

हा तरुण माझा गुरू. वय माझ्या धाकट्या मुलाहून कमी. त्याने मला प्रथम हार्नेसमध्ये बांधले, पायाच्या पट्ट्या लावल्या, त्या स्वतः ओढून पाहिल्या, मग मला ओढून पाहावयास लावल्या, आणि मग पुन्हा स्वतः पाहिल्या. मला हा अविश्वास वाटला. तेव्हा त्याने २०१८ साली स्वित्झर्लंडात घडलेली हकीकत सांगितली : तेथे एक अमेरिकन प्रवासी हँगग्लायडरवर चालकासोबत निघाला, पण त्याची कडी अडकविण्याचे राहून गेले, आणि तो गृहस्थ दोन मिनिटांहून अधिक काळ केवळ हातांनी लोंबकळत खाली आला, मनगट मोडले, दंडाचा स्नायू फाटला, जीव वाचला. हे ऐकल्यावर मी स्वतःच्या पट्ट्या चौथ्यांदा तपासल्या. एकच नोंद तीनदा तपासणाऱ्या ज्येष्ठांस मी आयुष्यभर मनातल्या मनात हसत आलो होतो.

पहिला सबंध दिवस मैदानात गेला. पॅराग्लायडरचे कापड जमिनीवर पसरले तेव्हा सवयीने मी त्याची मोजणी केली. सुमारे पंचवीस चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाव गुंठा. आयुष्यात पाव गुंठ्यावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत, तीन-तीन पिढ्या कोर्टात जुंपलेल्या पाहिल्या आहेत. परंतु पाव गुंठा स्वतः उठून मालकाच्या डोक्यावर उभा राहतो आणि त्यास बकोटीला धरून शेजाऱ्याच्या हद्दीत ओढीत नेतो, हे दृश्य मला नवीन होते. वारा आला की ते कापड फुगून उठावे, मी ओढला जावा, पडावे, आणि पडल्यावर कापडाने सावकाश येऊन माझ्या अंगावर पांघरूण घालावे, असा क्रम दुपारपर्यंत चालला. उडण्यास आलेल्या मनुष्याचा जमिनीशी इतका निकट परिचय करून दिला जाईल याची मला कल्पना नव्हती. मोजणीदारांनीही मावळची जमीन माझ्याइतकी इंचाइंचाने मोजली नसेल.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर नेले. येथे मी एका अपमानास सामोरा गेलो, ज्याचे वर्णन करणे प्राप्त आहे. गुरूने आकाशाकडे पाहिले, काठीला बांधलेल्या कापडी नळीकडे पाहिले, आणि म्हणाला, “आज वारा जास्त आहे, काका. थांबू.” आम्ही थांबलो. दुपारी वारा आडवा झाला, थांबलो. चारच्या सुमारास तो पार पडला, कापडी नळी मेलेल्या सापासारखी लोंबू लागली, तरीही थांबलो. नवशिक्यास वारा समोरून, आणि ताशी दहा ते वीस किलोमीटरच्या आतबाहेर, असाच लागतो. कमी असेल तर कापड उठत नाही, अधिक असेल तर मनुष्य उठतो. सूर्य डोंगराआड गेल्यावर गुरू उठला व म्हणाला, “उद्या या.”

हे दोन शब्द मी चौतीस वर्षांत किती लोकांस सांगितले असतील याचा हिशेब मजजवळ नाही. कोणत्या तहसिलीत सांगितले तेही येथे सांगत नाही. परंतु साहेब दौऱ्यावर आहेत, तलाठी आले नाहीत, शिक्का आत राहिला, दप्तर बांधले गेले, या सर्व सबबींच्या शेवटी मी तेच दोन शब्द उच्चारीत असे, आणि समोरचा इसम डोईचे मुंडासे सावरीत निमूटपणे निघून जात असे. तो तसा कसा निघून जातो याचे मला आश्चर्यही वाटत नसे. आता मीच टेकडी उतरत होतो, पाठीवर पंधराएक किलोचे गाठोडे होते, आणि ज्याच्याकडे तक्रार करावी असा वरिष्ठ अधिकारी दृष्टिपथात नव्हता.

तिसरा दिवसही असाच. त्या बैठकीत मी गुरूला आमच्या भागातील भेंडवळच्या घटमांडणीविषयी सांगितले. जळगाव जामोद तालुक्यातील या गावी अक्षय तृतीयेस शेतात घट मांडतात. मध्ये खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, वर घागर, पुरी, पापड, कुरडई, भोवती अठरा धान्ये. आणि रात्रभरात काय हलले, काय भिजले, हे पाहून दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस, पिके आणि राजाची गादी यांचे भाकीत ऐकावयास माणसे लोटतात. हवामान शास्त्राच्या कसोटीस हे उतरत नाही हे मलाही कळते. पण ज्याने रोहिणी कोरडी गेली म्हणून मृगाकडे आणि मृग कोरडा गेला म्हणून आर्द्रेकडे डोळे लावले आहेत, त्याला पहाटे काहीतरी ऐकावेसे वाटते, हेही कळते. गुरूने शांतपणे ऐकून घेतले, मग खिशातून मोबाइल काढून तीन वेगवेगळ्या संस्थांची तीन परस्परविरुद्ध भाकिते दाखविली, आणि म्हणाला, “कुरडई काय सांगते?”

चौथ्या दिवशी सकाळी वारा हजर होता. माझ्या शिरस्त्राणात वॉकीटॉकी बसविलेला होता, त्यातून गुरूचा आवाज आला, “धावा!” मी धावलो. कापड मागे उठले, डोक्यावर आले, झोळीने मांड्यांना उचलल्यासारखे केले. आणि येथे प्रत्येक नवशिक्या जी चूक करतो ती मीही केली, म्हणजे खुर्ची मागे लागताच बसलो. याबाबत माझा दोष मी मानीत नाही, कारण खुर्ची मागे आली की बसावे हा माझ्या शरीराचा चौतीस वर्षांचा अभ्यास होता. परंतु मनुष्य बसला की त्याचे वजन पंखास नीट मिळण्यापूर्वीच पाय जमीन सोडतात आणि बूड ती धरते. मी पंधरा-वीस हात घसरत गेलो. वॉकीटॉकी म्हणाला, “काका, बसू नका! उडाल्यावरसुद्धा धावत राहा!”

दुसऱ्या खेपेस धावत राहिलो. पाय फिरत होते, आणि एका क्षणी त्यांच्याखाली काहीच नाही असे ध्यानात आले. त्या वेळी मनात उदात्त विचार यावयास हवे होते. आला तो असा की, मागच्या दाराची कडी लावली की नाही. खाली गवत हळूहळू मागे सरत होते, वाऱ्याचा कानाशी एकसारखा सुस्कारा होता, आणि दूर कुठेतरी इंद्रायणीची चकाकती रेघ होती, जिच्याकडे पाहण्यास मला सवड नव्हती, कारण समोर करवंदीची एक जाळी होती आणि मी तिच्याकडे टक लावून पाहत होतो. “जाळीकडे पाहू नका! जिकडे पाहाल तिकडे जाल!” असे कानात ओरडण्यात आले. परंतु ज्या वस्तूकडे पाहू नये असे सांगण्यात येते, तिच्याकडे न पाहण्याची सिद्धी चौदाशे वर्षांच्या तपानेही मिळत असेल असे मला वाटत नाही. सबंध मोकळ्या टेकडीवर ती एकच जाळी होती. मी तीत उतरलो.

गुरूने काटे काढले, कापड सोडविले, आणि एका नव्या कोऱ्या वहीत माझे नाव घालून पहिली नोंद केली : तारीख, ठिकाण, वारा, कालावधी अकरा सेकंद. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे याचा त्याने थोडा विचार केला आणि तो रकाना कोराच ठेवला.

सोनाळ्यात परतलो तेव्हा अंगावरचे ओरखडे पाहून पारावर मोठी सभा भरली. किती उंच गेले होते भाऊ, असे विचारण्यात आले. मी प्रामाणिकपणे समोरच्या कडुलिंबाच्या शेंड्याकडे बोट दाखविले. त्यावर, लिंबावरच चढायचं होतं तं पुण्याले कायले गेले, असा जो सार्वत्रिक सूर उमटला तो मी मनावर घेतला नाही. सभा पांगल्यावर एक वृद्ध शेतकरी मागे राहिला. त्याचा चेहरा मला कचेरीच्या खिडकीतून पाहिल्यासारखा वाटत होता. बिडी विझवीत तो म्हणाला, “चार दिस तिथं काय करून राह्यले होते?”

“बसलो होतो,” मी म्हणालो. “वाऱ्याची वाट पाहत. तो रोज ‘उद्या या’ म्हणे.”

“अन् चवथ्या दिशी काम झालं?”

“झालं.”

त्याने बराच वेळ सातपुड्याकडे पाहिले.

“वारा बरा म्हना मंग,” तो म्हणाला. “माह्या फेरफारले तं तुमच्याकडं सात येळा यावं लागलं होतं.”